फायबर तुटल्यावर काय होतं आणि दुसरी वाट कशी आखायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले केबलचालक, उद्यमबागेतले कारखानदार, पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळणारी मुलं आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी गेली काही वर्षं फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. सोपे आधी आहेत, किचकट मागे. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. राउटरवर लाल दिवा लागलाय. फायबर तुटलं असं धरायचं का?

‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर तुमच्या डब्यापर्यंत प्रकाश पोचत नाहीये, एवढंच नक्की. तक्रार करण्याआधी कपाटामागची बारीक वायर बघा. खुर्चीच्या पायाखाली दबलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट वळवलेली वायर हे कारण आम्हाला फार वेळा सापडतं. काचेची तार तुटत नाही, पण वळणातून प्रकाश गळतो. डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसत असेल तर ती वाचून सांगा. नेहमीच्या जोडणीत उणे २७ डीबीएमच्या खाली गेलं की डबा हात टेकतो. लाल दिवा नसताना नेट बंद असेल तर डब्यापर्यंतचं फायबर धड आहे, गडबड पुढे कुठेतरी आहे.

२. शेजारच्या गल्लीत नेट चालू आणि आमच्याकडेच बंद, असं कसं?

घरगुती फायबरची रचना झाडासारखी असते. एक्सचेंजमधून एक तार निघते, खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या स्प्लिटरमध्ये तिच्या ३२ किंवा ६४ फांद्या होतात. तुमची फांदी वेगळ्या खोडावर आहे, शेजारच्यांची वेगळ्या. खोड तुटलं की सगळी पानं एकदम गळतात, आणि या झाडाला बहुतेक ठिकाणी दुसरं खोड नसतं. स्प्लिटरपर्यंत दोन तारा आणून खोडाला आधार देण्याची सोय मानकात आहे. पण महिना चारपाचशेच्या घरगुती प्लॅनमध्ये ती कोण घालणार?

३. केबल जमिनीत पुरलेली असते, मग तुटते तरी कशानं?

जेसीबीनं. पाण्याची पाइपलाइन, गटार, रस्ता रुंदीकरण, कारण काहीही असो, शेवटी बकेट तीच. खणण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. मोठे ठेकेदार ते वापरतात. घरासमोर नळाचा चर मारणारा मात्र त्याच्या वाटेला जात नाही.

बाकीची कारणं आपल्या भागाची आहेत. साखर कारखाने सुरू झाले की उसानं शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि लोंबणारी केबल उसाच्या शेंड्यांसकट ओढून नेतात. तोडणीनंतर पाचट पेटवलं की बांधावरून गेलेली केबल वितळते. पूर्वेकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि पाइप जागचा हलून जॉइंटवर ताण येतो. खानापूरकडे झाडाच्या फांद्या, वानरं आणि पाऊस. बेळगाव शहरात गणपतीच्या मिरवणुकीसाठी केबल उंच केल्या जातात, आणि घाईत वर ओढलेली केबल पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन येते. उंदीर सगळीकडेच आहेत.

४. तुटलेली जागा ऑफिसात बसून कशी कळते?

ओटीडीआर नावाचं यंत्र तारेत प्रकाशाचा बारीक ठोका सोडतं आणि काचेतून परत येणारा अंधुक प्रकाश मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी धावतो, म्हणजे एका किमीला ५ मायक्रोसेकंद. ठोका जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. आलेखाची रेघ उताराने खाली येत राहते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी तो उतार किमीला सुमारे ०.२ डीबी (प्रकाश किती घटला याचं माप). जॉइंटवर छोटी पायरी दिसते, तुटलेल्या जागी रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी पडते. विहिरीत दगड टाकून पाण्याची खोली ओळखायची, तशातलाच प्रकार.

५. यंत्र १४.३ किमी दाखवतंय. गाडीच्या मीटरवर तेवढं गेलो तर तिथं काहीच नाही. यंत्र बिघडलंय?

यंत्र बरोबर आहे. ते तारेची लांबी सांगतं, रस्त्याची सांगत नाही. केबलच्या आत तार पिळलेली असते, प्रत्येक जॉइंटजवळ १०-२० मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं, खांबावर झोळ असतो. म्हणून तुटलेली जागा जवळजवळ नेहमी यंत्रावरच्या आकड्यापेक्षा अलीकडे सापडते. शिवाय यंत्रात काचेचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो तो आकडा) भरावा लागतो. १.४६८ च्या जागी १.४७० भरला तर ५० किमीवर सुमारे ६८ मीटरचा फरक पडतो, आणि ६८ मीटर खणणं म्हणजे अख्खी दुपार.

उपाय जुनाच आहे. शून्यापासून मोजायचं सोडा आणि अलीकडच्या ओळखीच्या जॉइंटपासून मोजा. त्या जॉइंटची जागा नोंदवहीत असेल तर चूक फक्त पुढच्या एकदोन किमीपुरती उरते. जमल्यास दुसऱ्या टोकाकडूनही मोजा. नोंदवही नसेल तर मग हुडकत बसा. कोणत्या शेताच्या बांधावर किती मीटर वेटोळं ठेवलंय ते जॉइंट मारणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि तो मुंबईला किंवा गल्फला गेलेला असतो.

६. जागा सापडल्यावर जोडायला एवढे तास का?

जोडायला फार वेळ लागत नाही. स्प्लाइसिंग यंत्र दोन तारा काही सेकंदांत वितळवून जुळवतं, तोटा ०.०५ डीबीच्या आसपास. वेळ जातो बाकीच्यात. जेसीबीनं केबल ओढली की ती दोन्ही बाजूंना लांबपर्यंत ताणली जाते, म्हणून मधला तुकडा नवा टाकून दोन जॉइंट मारावे लागतात. २४ तारांची केबल म्हणजे ४८ जोड, आणि प्रत्येक तार सोलायची, पुसायची, कापायची, जोडायची, नळीत बसवायची. त्यात चरात गुडघाभर पाणी, वर ताडपत्री, आणि यंत्राला धूळ चालत नाही. आधी कुठल्या तारा घ्यायच्या हे ठरलेलं असावं लागतं : ज्यांना पर्यायी वाट नाही त्या पहिल्या. तसं ठरलेलं नसलं की जो जास्त ओरडतो त्याची तार आधी जोडली जाते.

७. तुटलेल्या टोकातून उजेड येतो का ते डोळ्याला लावून बघू का?

अजिबात नको. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, तो दिसत नाही आणि तरीही डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. घरगुती तारेत शक्ती कमी असते, लांब पल्ल्याच्या तारेत खूप. कुठली कुठली आहे हे तुटलेल्या टोकावर लिहिलेलं नसतं.

८. ‘५० मिलिसेकंदांत वाट बदलते’ असं जाहिरातीत असतं. मग आमचं नेट चार तास कसं गेलं?

५० मिलिसेकंदांचा आकडा खरा आहे. एसडीएच या जुन्या टेलिकॉम पद्धतीच्या काळापासूनचं ते माप आहे, आणि ठरावीक मर्यादेतल्या आजच्या इथरनेट रिंगसाठीही (गोलात जोडलेल्या जाळ्यासाठीही) तेच धरतात. पण त्यासाठी तीन गोष्टी आधीपासून तयार हव्यात : दुसरी वाट, तिच्यावर राखून ठेवलेली जागा आणि दोन्ही टोकांना ती वाट ओळखणारी यंत्रं. यातली एक जरी नसेल तर तुम्हाला माणूस, गाडी आणि स्प्लाइसिंग यंत्राची वाट बघावी लागते. शिवाय ही सोय शहरा-शहरांमधल्या मोठ्या जाळ्यात असते. एक्सचेंजपासून तुमच्या दारापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याला ती बहुधा नसते (प्रश्न २).

९. ‘प्रोटेक्शन’ आणि ‘रिस्टोरेशन’ एकच का? परीक्षेत विचारतात.

एक नव्हे. प्रोटेक्शनमध्ये दुसरी वाट आधीच ठरवून राखलेली असते. त्यातही दोन तऱ्हा आहेत. ‘वन प्लस वन’मध्ये तोच माल (म्हणजे डेटा) सतत दोन्ही वाटांनी पाठवतात आणि पलीकडचं टोक चांगला तो उचलतं. ‘वन इज टू वन’मध्ये दुसरी वाट राखीव असते, गरज पडली तरच माल तिकडे वळतो, एरवी तिच्यावर कमी महत्त्वाचं काही नेता येतं. रिस्टोरेशनमध्ये वाट तुटल्यावर हुडकायची, जाळ्यात जिथे जागा उरलीय तिथून. स्वस्त पडते, पण सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ लागतो आणि जागा मिळेलच याची हमी नसते. लग्नाला दोन गाड्या आधीच सांगून ठेवणं आणि पहिली बंद पडल्यावर स्टँडवर जाऊन दुसरी शोधणं, एवढा फरक. मोठी जाळी दोन्ही वापरतात : पहिल्या घावाला प्रोटेक्शन, दुसऱ्याला रिस्टोरेशन.

१०. आमच्या भागात रिंग आहे म्हणतात. तरी चार गावं एकदम बंद कशी पडली?

दोन शक्यता. रिंग एका ठिकाणी तुटली तर माल उलट्या बाजूनं फिरतो आणि कुणालाच कळत नाही, हाच तिचा गुण. पण ‘कुणालाच कळत नाही’ हाच दोषही ठरतो. सगळं चालू आहे म्हणून पहिली तुटलेली जागा चार दिवस तशीच राहते, आणि पाचव्या दिवशी दुसरीकडे जेसीबी लागला की मधली गावं बेटासारखी अडकतात. रिंग तुटल्याची सूचना आली की नेट पूर्ण बंद पडल्याइतक्याच घाईनं निघायचं असतं. निघतात कमीच.

दुसरी शक्यता अधिक लाजिरवाणी. नकाशावर रिंग गोल असते, जमिनीवर जाणारी आणि येणारी तार एकाच केबलमध्ये किंवा एकाच चरात असते. एक बकेट, दोन्ही बाजू खलास. गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेच्या जुन्या टप्प्यांत ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी केबल नेली होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात रिंग करायचं ठरलं. ती रिंग जमिनीवर किती गोल आहे, हे तुमच्या गावात चर मारताना उभं राहून बघा.

११. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्यात. आता निर्धास्त ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक रागावतात तेही याच प्रश्नाला. दोन कंपन्या म्हणजे दोन बिलं. दोन वाटा आहेत की नाहीत हे बिलावरून कळत नाही. कंपन्या एकमेकींच्या तारा भाड्यानं घेतात, एकाच पाइपातून केबल ओढतात, एकाच पुलाच्या कठड्याला ती बांधतात.

हिशेब करून बघा. समजा एक लाइन वर्षात ३ वेळा तुटते, दरवेळी ६ तास. वर्षाच्या ८,७६० तासांतले १८ गेले, उपलब्धता ९९.८ टक्क्यांच्या आसपास. अशा दोन लाइन खरोखर स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला साधारण सव्वादोन मिनिटं. टेलिकॉमवाले ज्या ‘पाच नऊ’ची, म्हणजे ९९.९९९ टक्क्यांची, शपथ घेतात त्यात ५ मिनिटांची सूट आहे. तुम्ही त्याच्याही पुढे गेलात! आता धरा की तुमच्या गेटपासून चौकापर्यंतचे ५०० मीटर दोन्ही केबल एकाच चरातून जातात, आणि तो चर वर्षातून एकदा खणला जाऊन ४ तास जातात. सव्वादोन मिनिटांचे चार तास झाले. बाकीच्या १०० किमीवर केलेला सगळा खर्च त्या ५०० मीटरनं खाल्ला.

म्हणून लाइन घेताना टक्केवारी विचारू नका, नकाशा मागा. केबल गेटमधून कुठून शिरते, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूनं जाते, पूल कोणता, कोणत्या इमारतीत पोचते, तिथला जनरेटर एकच आहे का. गूगल अर्थमध्ये उघडेल अशी फाइल देतात, मागितली तर. जो देत नाही त्याची लाइन एकटीच आहे असं धरून चाला.

१२. बेळगावातून बाहेर पडायला खरोखर वेगळ्या वाटा कोणत्या?

जमिनीचा नकाशा घ्या. पुणे-बंगळूर महामार्ग उत्तरेला संकेश्वर, निपाणी, कागलवरून कोल्हापूरला जातो. रेल्वे त्याच उत्तरेला जाते पण घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार करत मिरजेला निघते. दक्षिणेला महामार्ग कित्तूरवरून धारवाडला, रेल्वे खानापूर, लोंढा, अळणावरवरून धारवाडलाच. रेल्वेच्या कडेनं केबल नेणाऱ्या आणि महामार्गाच्या कडेनं नेणाऱ्या अशा दोघांची लाइन घेतली तर मधला बराचसा भाग आपोआप वेगळा होतो. विजेच्या उच्चदाब मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या तारेतही फायबर असतं, त्याला जेसीबीची भीती नाही. पश्चिमेला चोर्ला, अनमोड आणि आंबोलीचे घाट आहेत, पण पावसाळ्यात दरडी. आणि रस्ता आहे म्हणून त्याच्या कडेला तुमच्या कामाची केबल आहेच, असं नव्हे.

एक मेख आहे. उत्तरेच्या दोन्ही वाटा पाण्यावरून जातात. महामार्गाला संकेश्वरला हिरण्यकेशी, यमगर्णीला वेदगंगा, पुढे दूधगंगा आणि कोल्हापूरच्या तोंडाशी पंचगंगा. रेल्वेला घटप्रभा आणि कृष्णा. सह्याद्रीत कोसळलेला पाऊस या सगळ्यांना एकाच आठवड्यात भरतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. केबल पाण्यात बुडून मरत नाही, पण पूल खचला, भराव वाहून गेला किंवा एक्सचेंजची वीज गेली की मरते, आणि दुरुस्तीची गाडी पोचत नाही. माझं मत विचाराल तर जोडी एक उत्तर आणि एक दक्षिण अशी घ्या. दक्षिणेला मलप्रभा आडवी येतेच, रेल्वेला खानापूरजवळ आणि महामार्गाला एम. के. हुबळीजवळ. तरी सगळी अंडी एका पुरात नाहीत.

१३. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीत आमचा दुसरा प्लांट आहे, हाकेच्या अंतरावर. तिथून आपली आपण केबल ओढू का?

नाही. सार्वजनिक रस्त्यातून किंवा वरून केबल न्यायला रस्त्याच्या मालकाची परवानगी लागते, आणि टेलिकॉमची केबल टाकायचा हक्क परवानाधारकाचा. त्यासाठीचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. सीमेवर अडचण एवढीच की रस्ता तोच असला तरी हद्द ओलांडली की बांधकाम खातं बदलतं. दोन्हीकडे परवाना असलेल्या कंपनीकडून दोन प्लांट जोडून घ्या, आणि शिनोळीची इंटरनेट लाइन कोल्हापूरकडून, बेळगावची हुबळीकडून घ्या. एक गेली तर दुसऱ्या प्लांटमधून बाहेर पडता येतं. सीमेचा कुणाला फायदा झाल्याची ही दुर्मीळ गोष्ट.

१४. दोन वाटा आखताना सर्वांत जवळची वाट आधी घ्यायची, ती पुसून उरलेल्यातली दुसरी घ्यायची. एवढंच ना?

बहुतेक वेळा जमतं, आणि जिथे फसतं तिथे वाईट फसतं. समजा बेळगावहून मिरजेला दोन वाटा हव्यात आणि तुमच्याकडे एवढ्याच केबल आहेत : बेळगाव-संकेश्वर, संकेश्वर-चिकोडी, चिकोडी-मिरज या जवळच्या. बेळगाव-घटप्रभा-चिकोडी आणि संकेश्वर-निपाणी-कोल्हापूर-मिरज या लांबच्या. जवळची वाट निघते संकेश्वर-चिकोडी-मिरज. आता ती पुसा. बेळगावहून घटप्रभेमार्गे चिकोडीपर्यंत याल आणि अडकाल, कारण चिकोडीहून पुढचं सगळं पुसलंय. संगणक सांगणार, दुसरी वाट नाही.

वाट आहे. एक बेळगाव-संकेश्वर-कोल्हापूर-मिरज, दुसरी बेळगाव-घटप्रभा-चिकोडी-मिरज. पहिलीनं संकेश्वर-चिकोडीचा मोह सोडायला हवा होता. डाइक्स्ट्राची १९५९ ची रीत एक सर्वोत्तम वाट देते. जोडी एकत्र शोधायची रीत सुरबॅले यांनी १९७४ मध्ये दिली. तिच्यात पहिल्या वाटेचे तुकडे उलट दिशेनं वापरायची मुभा असते, त्यामुळे चुकीचा तुकडा आपोआप रद्द होतो. वहीवर वरचं उदाहरण सोडवा, परीक्षेत तेवढं पुरतं.

१५. मग पूल, चर, पूर, जनरेटर सगळं संगणकाला सांगितलं की काम झालं?

एकाच धोक्याखाली येणाऱ्या तुकड्यांना एक क्रमांक देतात, त्याला ‘एसआरएलजी’ म्हणतात. दोन्ही वाटांत एकही क्रमांक सामाईक नको, अशी अट घातली की गणित अवघड होतं : सुरबॅलेची सोपी रीत इथे चालत नाही, आणि मोठ्या जाळ्यात झटपट अचूक उत्तराची हमी देणारी रीत कुणाकडे नाही. पण खरी अडचण त्याआधीची आहे. क्रमांक भरणारा माणूस ऑफिसात असतो आणि चर कुणी शेअर केला हे फिल्डवरच्या माणसाला माहीत असतं.

१६. पर्यायी वाटेवर जागा दिसते, तरी यंत्र ‘तरंगलांबी उपलब्ध नाही’ म्हणतं.

एका तारेतून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजेच तरंगलांबींचे, ८०-९० चॅनल जातात. मध्ये प्रकाशाचं विजेत रूपांतर केलं नाही तर चॅनलला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रंग ठेवावा लागतो. पहिल्या टप्प्यात २१ नंबर मोकळा, दुसऱ्यात ३४ नंबर मोकळा, तर जागा असून नसल्यासारखी. बसचं आरक्षण निपाणीपर्यंत एका सीटवर आणि पुढे दुसऱ्या सीटवर मिळालं तर आपण उठून बसतो. प्रकाशाला उठता येत नाही. म्हणून पर्यायी वाटेवर काही रंग आधीपासून सलग मोकळे ठेवतात.

१७. केबल जोडली, तरी लगेच मूळ वाटेवर का आणत नाहीत?

जोड कच्चा असेल तर वाट पाच-पाच सेकंदांनी इकडेतिकडे उड्या मारेल, आणि प्रत्येक उडीला ग्राहकाला झटका. म्हणून मूळ वाट सलग ५ मिनिटं तरी चांगली दिसली पाहिजे, असा थांबा घालतात. दुपारी जोड झाला तरी परतायचं काम मी रात्रीच ठेवतो.

१८. खालच्या ऑप्टिकल थरातही संरक्षण आहे आणि वरच्या इथरनेट रिंगमध्येही. दुप्पट सुरक्षित?

दोघांनी एकाच क्षणी वाट बदलली तर उलट गोंधळ वाढतो. खालच्यानं काम केलेलं असतं आणि वरचा उगाच माल लांबून फिरवतो. वरच्याला थोडा धीर शिकवावा लागतो : १०० मिलिसेकंद थांब, खालच्याला जमलं नाही तरच हाल. ही सेटिंग शून्यावर राहिलेली जाळी मी बरीच पाहिलीत.

१९. वाट बदलली, नेट सुरळीत, एकही अलार्म नाही. तरी मोबाइल टॉवरवाले म्हणतात वेळ चुकतेय. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि हुडकायला हाच प्रकार सर्वांत त्रासदायक. टॉवरची घड्याळं जाळ्यातून जुळवतात तेव्हा जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरलेलं असतं. दोन्ही दिशा एकदम नव्या वाटेवर गेल्या तर हरकत नाही. पण जोडीतली एकच तार तुटली आणि फक्त तीच दिशा ७५ किमीनं जास्त लांबीच्या वाटेनं गेली, तर ३७५ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो आणि घड्याळ त्याच्या निम्म्यानं, सुमारे १८७ मायक्रोसेकंद, चुकतं. फाइव्ह-जीच्या टीडीडी (एकाच लहरीवर आळीपाळीनं पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या) टॉवरला १.५ मायक्रोसेकंदांपलीकडे चालत नाही. म्हणून अशा लाइनवर दोन्ही दिशा एकत्र हलतील अशीच सेटिंग ठेवा, किंवा टॉवरवर उपग्रहाकडून वेळ घ्या. आमच्या ओळखीत एके ठिकाणी याच तक्रारीसाठी टॉवरवरचं कार्ड दोनदा बदललं गेलं. दोष शेवटी सापडला तो जॉइंटच्या डब्यातल्या एका तारेत, आणि तिच्या जोडीची तार अगदी धड होती.